कानाचं मशीन ड्रॉवरमध्ये पडून राहू नये म्हणून: किशोरवयीन मुलांचे श्रवण-उपचार कसे करून घ्यावेत

ठाणे-नवी मुंबईत कानाचं मशीन मिळणं आता कठीण राहिलेलं नाही. नौपाडा असो की वाशी, एखादं तरी सेंटर रिक्षाच्या अंतरावर सापडतं. कठीण आहे ते चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाने किंवा मुलीने ते रोज घालणं. मी ऑडिओलॉजिस्ट आहे, म्हणजे ऐकण्याची तपासणी करून मशीन बसवून देणारी. माझ्याकडे सर्व्हिसिंगला येणारी कितीतरी मशीन्स कोरी करकरीत असतात आणि वॉरंटी मात्र संपलेली असते. आई म्हणते, "घालतच नाही हो मॅडम, काय करू?" मशीन निवडलं बाबांनी, रंग निवडला सेंटरवाल्याने, आवाज सेट केला आमच्यापैकी कुणीतरी. घालायचं मात्र त्याने, तेही वर्गातल्या पन्नास पोरांसमोर.

म्हणून हा लेख साधारण दहा ते वीस वयाच्या मुलामुलींसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी. तान्ह्या बाळांचं प्रकरण वेगळं आहे, तिथे एकेक महिना मोलाचा असतो.

थांबायचं कधी नाही

एका कानाने अचानक, तासाभरात किंवा दोन-तीन दिवसांत ऐकू येईनासं झालं, तर "मळ असेल, रविवारनंतर बघू" असं म्हणू नका. त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जा. यावरच्या औषधांचा उपयोग जितक्या लवकर सुरुवात होईल तितका जास्त. कान वाहत असेल, दुखत असेल, चक्कर येत असेल, तरीही आधी डॉक्टर, मशीनचा विचार नंतर.

तपासणीच्या आधी मुलाने करायचं काम

आठवडाभर मोबाइलच्या नोट्समध्ये लिहायचं: आज कुठे अडलं. "ऐकू कमी येतं" एवढ्यावरून आम्हाला फारसं काही करता येत नाही. पण "क्लासमध्ये एसी सुरू झाला की शेवटच्या बाकावरून सर कळत नाहीत", "ठाणे स्टेशनात फलाट बदलल्याची घोषणा झाली, सगळे धावले, मी उभा", "गावच्या आजीशी फोनवर बोलताना नुसतं हो-हो करतो", "टर्फवर मागून पास मागितला तर कळत नाही" असं लिहून आणलं, की मशीनमध्ये काय लागेल हे निम्मं ठरूनच जातं. आईबाबांनीही लिहावं, पण वेगळं. आणि दोन याद्या घरी शेजारी ठेवून "बघ, मी सांगत होते ना!" हा कार्यक्रम करू नये.

आदल्या रात्री हळद समारंभात डीजेसमोर नाचून दुसऱ्या दिवशी तपासणीला येऊ नका. मोठ्या आवाजाने कान काही काळ मंदावतात आणि रिपोर्ट खोटा वाईट येतो. सर्दी असेल तर फोन करून तारीख पुढे ढकला.

ऑडिओलॉजिस्टची पदवी आणि भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक बिनधास्त विचारा. मशीन विकणारा प्रत्येक जण ऑडिओलॉजिस्ट नसतो.

केबिनमध्ये कोण बोलणार

हे घरूनच ठरवून या, कारण गाडी नेहमी इथेच घसरते. कळव्याहून एक दहावीचा मुलगा आला होता. मी त्याच्याकडे बघून विचारलं, "कुठे अडतं रे?" आई म्हणाली, "त्याला टीव्हीचा आवाज फार लागतो." मी पुन्हा त्यालाच विचारलं. आता बाबा म्हणाले, "लक्षच नसतं मॅडम, मोबाइल दिला की सगळं ऐकू येतं." मुलगा बुटाच्या लेसशी खेळत होता. शेवटी दोघांना पाच मिनिटं बाहेर बसायला सांगितलं. मग तो म्हणाला, "टीव्हीचं काही नाही मॅडम. मित्र जोक मारतात, सगळे हसतात, मी पण हसतो. मला कळलेलाच नसतो." टीव्हीसाठी मशीन आणलं असतं, तर ते पहिल्या महिन्यातच ड्रॉवरमध्ये गेलं असतं. गलक्यात चार जणांचं बोलणं कसं कळेल यावर आम्ही काम सुरू केलं.

पालकांनो, केबिनमध्ये आधी मुलाला बोलू द्या. त्याला दोन मिनिटं लागली तर लागू देत. तुमचं म्हणणं शेवटी सांगा, आणि ते त्याच्यासमोरच सांगा. तो बाहेर गेल्यावर कुजबुजायचं नाही. आणि मुलांनो, ऑडिओलॉजिस्ट तुमच्याऐवजी आईशीच बोलत असेल, तर "मॅडम, मलाच विचारा ना" असं म्हणण्यात उद्धटपणा काही नाही. समोरचा तोंड फिरवून किंवा मास्क लावून बोलत असेल तर तेही सांगा. कानाच्याच दवाखान्यात ते सांगायला लाजायचं कशाला?

ऑडिओग्राम मुलाच्या हातात द्या

साउंडप्रूफ खोलीत "आवाज आला की बटण दाब" ही तपासणी झाली की एक आलेख मिळतो, तोच ऑडिओग्राम. त्यात डावीकडून उजवीकडे आवाज जाड ते बारीक होत जातो, साधारण २५० ते ८००० हर्ट्झ. वरून खाली मोठेपणा वाढत जातो. लाल गोल म्हणजे उजवा कान, निळी फुली म्हणजे डावा. खुणा जितक्या खाली, तितकं ऐकणं कमी.

बऱ्याच मुलांचा आलेख डावीकडे ठीक असतो आणि उजवीकडे उतरतो. म्हणजे अ, आ, ओ हे स्वर ऐकू येतात, पण स, श, फ, थ यांसारखे बारीक आवाज गळतात. गणिताच्या सरांनी "सहा" म्हटलं की त्याच्या कानात "दहा"सुद्धा असू शकतं, "साठ"चा "आठ" होतो. आवाज येतो पण शब्द कळत नाही, ही तक्रार इथून येते. हे मुलाला आलेखावर बोट ठेवून समजावून द्यायला सांगा. "लक्ष नसतं", "आळशी आहे" हे वर्षानुवर्षं ऐकलेल्या मुलाला, चूक आपल्या स्वभावाची नव्हती हे त्या कागदावर दिसतं. बाबांनाही दिसतं. रिपोर्टचा फोटो मुलाच्या स्वतःच्या मोबाइलमध्ये ठेवा.

मशीन निवडताना

चॅनेलची, म्हणजे मशीन आवाजाचे जे वेगवेगळे पट्टे करतं त्यांची, संख्या ऐकून भुलू नका. सोळा की वीस, यापेक्षा तीन प्रश्न महत्त्वाचे. दोन्ही कानांत कमी असेल तर दोन्ही कानांना मशीन बसणार का? मोल्ड, म्हणजे कानात बसणारा भाग, कानाचं माप घेऊन बनवणार का? आणि बसवल्यावर कानात बारीक नळीचा माइक घालून आवाज मोजणार का, की "कसं वाटतंय? बरं वाटतंय ना?" एवढंच विचारणार? मोजणी न करता सेट केलेलं मशीन हे चष्म्याचा नंबर न काढता घेतलेल्या चष्म्यासारखं आहे.

रंग मुलाला निवडू द्या. त्वचेच्या रंगाचंच घ्या, केसांखाली झाकेल असं घ्या, हा हट्ट बहुतेक वेळा मोठ्यांचा असतो. मुलीच्या बाबतीत तर जास्तच, कारण आत्याला तिच्या लग्नाची आत्तापासून काळजी. काही मुलं स्वतःहून निळा किंवा लाल मोल्ड मागतात आणि मित्रांना दाखवत फिरतात. कुणाला ते दिसूच नये असं वाटलं, तर तेही बरोबर. निर्णय तिचा.

ट्रायल मागा. सेंटरच्या शांत खोलीत कुठलंही मशीन छानच वाटतं. ते घालून गोखले रोडवर संध्याकाळी एक फेरी मारा, स्टेशनच्या पुलावर उभं राहून मित्राशी बोला, शक्य असेल तर क्लासमध्ये एक दिवस बसा.

बजेट मर्यादित असेल तर माझं मत सांगते: विद्यार्थ्याने सगळ्यात महागड्या मशीनमागे लागण्यापेक्षा मध्यम दर्जाचं मशीन आणि त्याला जोडला जाणारा वायरलेस माइक घ्यावा. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो, वर्गात पंख्यांचा गोंगाट वर पडतो. माइक सरांच्या शर्टाला लागला की सरांचा आवाज थेट कानात. मात्र कुठल्या मशीनला कुठला माइक जोडता येतो, हे पैसे भरायच्या आधी विचारा.

पैशांची अडचण असेल तर वांद्रे रेक्लमेशनला ऐकण्या-बोलण्याच्या अडचणींसाठीची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, केंद्र सरकारची, १९८३ पासूनची. तपासणीही होते आणि उत्पन्नाच्या अटीत बसणाऱ्यांना दिव्यांगांना साधनं देणाऱ्या केंद्राच्या एडिप योजनेतून मशीनही मिळतं. ठाण्याहून दादरला बदला, वाशीहून वडाळ्याला. शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं तेव्हाही कानाबद्दल सांगा. हा कार्यक्रम १८ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आहे.

पहिले काही आठवडे

भांड्यांचा खणखणाट, कुकरची शिट्टी, पंख्याची घरघर, स्वतःचं चावणं, सगळं अंगावर येतं. मेंदूला सवय व्हायला वेळ लागतो. घरात सुरुवात करा, मग वर्ग, स्टेशन सगळ्यात शेवटी. मशीन सतत शिट्टी मारत असेल तर मोल्ड सैल झालेला असतो. वाढत्या वयात कानही वाढतो, मोल्ड पुन्हा करावा लागतो.

एक गोष्ट मुलांना सहसा कुणी सांगत नाही. आजची बरीच मशीन्स दिवसाला किती तास घातलं याची नोंद ठेवतात आणि ती आम्हाला संगणकावर दिसते. मी ती उघडण्याआधी मुलाला सांगते. "नऊ तास म्हणालास, मशीन तीन म्हणतंय" अशी उलटतपासणी आईबाबांसमोर झाली, तर तो पुढच्या वेळी येणारच नाही. कमी तास म्हणजे काहीतरी टोचतंय, बोचतंय किंवा कुणीतरी चिडवतंय. ते शोधायचं.

पावसाळा

जून ते सप्टेंबर आपल्याकडे मशीनचा खरा शत्रू ओल. रात्री बॅटरीचं दार उघडं ठेवून मशीन सिलिका जेलच्या डबीत ठेवा, जेलचा रंग बदलला की जेल बदला. नळीत पाण्याचे थेंब दिसले तर ब्लोअरने फुंकून काढा. हेअर ड्रायर लावू नका. दप्तरात झिपची पिशवी हवी, लोकलच्या दारात पावसाचा मारा सुरू झाला की मशीन तिच्यात. बटण बॅटरी हवेवर चालते, म्हणून स्टिकर काढल्यावर मिनिटभर थांबून मग घाला. एकदा काढलेला स्टिकर परत चिकटवून बॅटरी वाचत नाही. आणि त्या बॅटऱ्या धाकट्या भावंडांच्या हाती लागू देऊ नका. गिळली तर तत्काळ हॉस्पिटल.

शाळा, क्लास आणि मित्र

पहिलं बाक हे सगळ्यांना सुचतं, पण ते दर वेळी बरोबर नसतं. पहिल्या बाकावरून मागे प्रश्न विचारणारा मित्र दिसत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या रांगेत, कडेला, खिडकी आणि पंख्यापासून लांब, चांगला कान सरांकडे, हे बहुतेकांना जमतं. मुलाने स्वतः चार जागांवर बसून ठरवावं.

शिक्षकांना सांगायचं की नाही, किती सांगायचं, हेही त्यानेच ठरवावं. सांगायचं ठरलं तर थोडक्यात: "सर, तुम्ही फळ्याकडे तोंड करून बोललात की मला कळत नाही. वळून बोलाल का?" मित्रांत नुसतं "काय?" म्हटलं की समोरचा तेच वाक्य जोरात ओरडतो, किंवा "जाऊ दे" म्हणतो. हे "जाऊ दे" फार लागतं. म्हणून जेवढं कळलं तेवढं धरून विचारायचं: "रविवारी किती वाजता म्हणालास?" मोबाइलवर गुगलचं लाइव्ह ट्रान्सक्राइब मराठीतही बोलणं लिहून दाखवतं. गोंगाटात चुकतं, पण समोरासमोर बसून बोलायला कामाला येतं. स्टेशनात घोषणेच्या भरवशावर राहू नका, फलाटावरचा इंडिकेटर आणि मोबाइलवरचं एम-इंडिकेटर अॅप दोन्ही बघा.

कागदपत्रं

ऐकण्यातला दोष प्रमाणपत्रावर ४० टक्के किंवा जास्त भरला, तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याखालची आरक्षणं लागू होतात. अर्ज स्वावलंबन पोर्टलवर यूडीआयडी कार्डासाठी, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्रासाठी, करायचा. त्यानंतर सरकारी रुग्णालयात तपासणी होते. एकाच कानाचं ऐकणं गेलं असेल तर सहसा ४० टक्के भरत नाहीत, त्यामुळे आधी टक्क्यांचा अंदाज ऑडिओलॉजिस्टकडून घ्या. परीक्षेतल्या जादा वेळेसाठी शाळेमार्फत नववीतच विचारणा सुरू करा, दहावीच्या जानेवारीत धावपळ नको.

उरलेलं ऐकणं सांभाळा

मोठा आवाज किती ऐकावा याची जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा मोठ्यांसाठी आठवड्याला ८० डेसिबल, ४० तास. लहान मुलांसाठी ७५. आवाज ९० झाला की मोठ्यांचे ते ४० तास ४ तासांवर येतात. ठाण्यातल्या दहीहंडीला जायचं तर जा, पण स्पीकरच्या भिंतीपासून लांब उभे राहा आणि फोमचे प्लग घाला. मशीन बंद करून कानात ठेवलं की प्लगचं काम होतं, हा गैरसमज आहे.

तपासणी वर्षातून एकदा, आणि मध्ये काही बदल जाणवला तर लगेच. सोळाव्या वर्षाच्या आसपास फाइल, बॅटरीची खरेदी, मोल्डची तारीख हे सगळं मुलाकडे सोपवायला लागा. पुढची अपॉइंटमेंट त्यानेच घ्यावी. फोनवर त्याला कळत नसेल तर सेंटरकडे व्हॉट्सअॅप नंबर मागा. "फोनच करा" म्हणणाऱ्या कानाच्या दवाखान्याला, तुमच्याकडे येणारे पेशंट कोण असतात, असं एकदा विचारायला हरकत नाही.