अभ्यास करताना गाणी कधी लावावीत आणि कधी बंद ठेवावीत

गाणी लावून अभ्यास करावा की नाही, या प्रश्नाला सरसकट उत्तर नाही. त्या बैठकीत आपण नेमके काय करणार आहोत, हे आधी ठरवावे लागते. सनावळ्या, सूत्रे, व्याख्या, कवितेच्या ओळी असे काही क्रमाने आणि शब्दशः पाठ करायचे असेल, तर गाणी पूर्ण बंद ठेवावीत, असे माझे स्पष्ट मत आहे.

पाठांतर करणाऱ्या मुलाकडे जरा निरखून पाहावे. पुस्तक झाकलेले असते, नजर छताकडे असते आणि ओठ किंचित हलत असतात. ॲलन बॅडली आणि ग्रॅहम हिच या मानसशास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये स्मृतीविषयी जी मांडणी केली, तिच्यात या मनातल्या पुटपुटण्याला स्वतंत्र जागा आहे. ती जागा फार लहान असते आणि कानावर पडणारे गाण्याचे बोल, आपण त्यांकडे लक्ष देत नसलो तरी, तिथे शिरकाव करतात. म्हणूनच अंकांचा क्रम लक्षात ठेवण्याच्या प्रयोगांत वाद्यसंगीतापेक्षा गायलेल्या संगीताने अधिक व्यत्यय आणला.

‘मला आवडीच्या गाण्याचा त्रास होत नाही’ असे विद्यार्थी अगदी मनापासून सांगतात. परंतु निक पेरहॅम आणि जोआन व्हिझर्ड यांच्या २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आवडते आणि नावडते, दोन्ही प्रकारचे संगीत शांततेच्या तुलनेत बाधकच ठरले. एकच शब्द पुन्हापुन्हा ऐकवला गेला, तेव्हा मात्र एवढी बाधा झाली नाही. यावरून असे दिसते की अडचण मुख्यतः सतत बदलत राहणाऱ्या आवाजाची असते. घराशेजारी गोंगाट असेल आणि आवाजाने आवाज झाकण्यावाचून इलाज नसेल, तर गाण्याऐवजी पंख्याची घरघर किंवा मंद लावलेला तानपुरा मला अधिक योग्य वाटतो.

माझ्या सांगण्यावर विसंबण्यापेक्षा घरीच पडताळा घ्यावा. भावंडाकडून वीस चिठ्ठ्यांवर प्रत्येकी आठ अंक लिहून घ्यावेत. एक चिठ्ठी दहा सेकंद पाहावी, उलटी ठेवावी, आणखी दहा सेकंद थांबावे आणि मग अंक त्याच क्रमाने वहीत उतरवावेत. दहा चिठ्ठ्या शांततेत आणि दहा नेहमीची गाणी लावून कराव्यात. दुसऱ्या दिवशी नव्या चिठ्ठ्या घेऊन आधी गाणी आणि मग शांतता असा क्रम ठेवावा, म्हणजे थकव्याचा दोष एकाच बाजूला जाणार नाही. योग्य जागी आलेले अंक मोजले की आपल्यापुरता निकाल हाती येतो.

धडा समजून वाचतानाही बोल असलेली गाणी टाळावीत. आकृत्या रंगवणे, वही नीटनेटकी उतरवून काढणे किंवा हातात बसलेल्या प्रकारची गणिते सोडवणे, अशा कामांना मात्र हलक्या आवाजातील सतार किंवा बासरी चालू शकते. गाण्यांची यादी आधीच लावून ठेवावी, कारण पुढचे गाणे शोधायला हातात घेतलेला फोन लवकर खाली ठेवला जात नाही.

संगीताचा खरा उपयोग अभ्यासाच्या आधी आणि मधल्या विश्रांतीत होतो. मोझार्ट या पाश्चात्त्य संगीतकाराच्या रचनेवरील १९९३ मध्ये गाजलेल्या प्रयोगात ३६ महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी दहा मिनिटे संगीत ऐकले ते चाचणीच्या आधी, चाचणी सोडवताना नव्हे. आकारविषयक प्रश्नांत दिसलेला फायदाही दहा-पंधरा मिनिटांपुरताच होता. पुढील संशोधनाने त्याचे श्रेय मुख्यतः प्रसन्न मनाला आणि आलेल्या तरतरीला दिले. तेव्हा कंटाळा आला असेल, तर आवडते गाणे मन लावून, हवे तर मोठ्याने गात ऐकावे आणि ते संपल्यावरच पुस्तक उघडावे.

परीक्षेच्या दालनात गाणी नसतात, त्यामुळे शेवटच्या काही आठवड्यांत सरावाच्या उत्तरपत्रिका पूर्ण तीन तास शांततेतच सोडवाव्यात.