‘झाला कसा?’ याचं उत्तर कथेत देऊ नका

एक डिसेंबर, म्हणजे जागतिक एड्स दिन, जवळ आला की सोलापुरातल्या कॉलेजांच्या फलकांवर लाल फिती लागतात आणि त्याच आठवड्यात मला कुणाचा ना कुणाचा निरोप येतो : ताई, एचआयव्हीवर लघुकथा लिहायची आहे, सुरुवात कुठून करू? मी सहा वर्षं अशा कथा लिहितेय, वस्त्यांमध्ये आणि कॉलेजांत वाचून दाखवतेय. तरी या प्रश्नाला सरळ उत्तर देता येत नाही. प्रत्येक वेळी मी माझ्या पहिल्या कथेवर येऊन थांबते.

ती कथा अशी होती. नवरा ट्रकवर, हैदराबाद रोडवरच्या ढाब्यांवर थांबणारा. बायको रेणुका घरी विड्या वळते. पोटुशी असताना तपासणीत तिला कळतं. नवऱ्याकडून आलेला आजार, बिचारी सोशिक बाई. ‘रेणुकाचा काय दोष?’ हे वाक्य मी त्या कथेत चार वेळा लिहिलं होतं. वाचन झालं तेव्हा सभागृहात बायका पदरानं डोळे पुसत होत्या. मला वाटलं, जमलं.

सगळे गेल्यावर एक माणूस मागे थांबला होता. जवळ येऊन हळू आवाजात म्हणाला, “ताई, तुमच्या रेणुकाचा काही दोष नाही म्हणालात. माझा आहे. मग मला घराबाहेर काढलं ते बरोबर झालं का?”

मी काहीच बोलू शकले नाही. तो गेला. त्याला काय उत्तर द्यायला हवं होतं ते मला दोन दिवसांनी सुचलं.

हे जरा सावकाश सांगते, कारण नव्यानं लिहिणारे जवळजवळ सगळे इथंच अडकतात आणि टाळ्या पडल्यामुळं अडकलोय हे कळतही नाही. तुम्ही एका पात्राला ‘निष्पाप’ म्हणता तेव्हा त्याच ओळीत दुसऱ्या कुणाला तरी पापी ठरवून मोकळे होता. वाचक रेणुकासाठी रडतो, पण त्या रडण्याला एक अट असते : तिनं काही ‘केलेलं’ नसावं. उद्या त्याच वाचकाच्या शेजारी कुणी पॉझिटिव्ह निघालं, तर तो आधी विचारणार, “झाला कसा?” हा प्रश्न त्याला माझ्या कथेनंच शिकवलेला असतो. आणि या प्रश्नाला घाबरूनच माणसं सिव्हिल हॉस्पिटलच्या तपासणी केंद्राची पायरी चढत नाहीत. वर्ष-दोन वर्षं अंगावर काढतात, वजन उतरतं, टीबी होतो, मग कुणीतरी उचलून आणतं.

रक्त चढवताना झाला, जन्मतःच होता, सुईतून आला, असं लिहून यातून सुटका होत नाही. सापळा तोच आहे, फक्त निष्पाप माणूस बदलतो. नवऱ्याला खलनायक केलंत तर आणखी वाईट. पुणे-हैदराबाद रस्ता गावातून जातो, तुमच्यासमोर बसलेल्यांपैकी किती घरांत कुणी ना कुणी गाडीवर असेल याचा विचार करा.

म्हणून माझा नियम : निदान पहिल्या तीन कथांत लागण कशी झाली याचा एक शब्दही लिहू नका. कथा लंगडी पडेल असं वाटेल. नाही पडत. मी रेणुकाच्या कथेतून नवरा, ढाबा, दोष सगळं काढलं आणि उरली फक्त गोळ्यांची बाटली. तीस गोळ्यांची प्लॅस्टिकची बाटली, उचलली की खुळखुळते. रेणुका आत कापूस कोंबते, वरचा कागद नखानं खरवडून काढते, बाटली तांदळाच्या डब्यात ठेवते. सासू विचारते, तांदळात काय वाजतंय गं? कथा तिथून सुरू झाली. शेजारीण पुढं कधीतरी “पण झाला कसा?” विचारतेच. रेणुका उत्तर देत नाही, सुपातली पानं सारखी करत राहते. आणि ऐकणाऱ्यांना पहिल्यांदा त्या प्रश्नाचीच लाज वाटते, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

दुसरी गोष्ट शेवटाची. मला सुरुवातीला एका ज्येष्ठ लेखकांनी सांगितलं होतं, शेवटी मरण हवंच, त्याशिवाय वाचक हलत नाही. मी ऐकलं आणि दोन कथांत माणसं मारली. आज मला त्याचा राग येतो. सरकारी केंद्रांतून एआरटीची, म्हणजे एचआयव्हीला आवरून धरणारी, औषधं १ एप्रिल २००४ पासून मोफत मिळायला लागली. २०१७ पासून तर सीडी-फोर, म्हणजे रक्तातल्या रोगाशी लढणाऱ्या पेशी, कितीही असो, निदान झालं की उपचार सुरू होतात. बहुतेकांना दिवसाला एकच गोळी असते. ती नियमित घेऊन रक्तातला विषाणू तपासणीत सापडेनासा झाला आणि तसाच राहिला, तर शरीरसंबंधातून तो जोडीदाराकडे जात नाही. उपचार नसतील तर आईकडून बाळाला लागण होण्याचं प्रमाण १५ ते ४५ टक्के, उपचार असतील तर ते ५ टक्क्यांच्या खाली आणता येतं. हे सगळं असताना तुमचा नायक रिपोर्ट आल्यावर सहा महिन्यांत मरत असेल, तर कालच रिपोर्ट हातात पडलेला कुणीतरी मागच्या रांगेत बसून तेच खरं धरणार आहे. पंढरपूरला मंगलताई शहांच्या ‘पालवी’ या संस्थेत एचआयव्हीसह वाढणारी मुलं आहेत. शाळेचा अभ्यास करणाऱ्या, एकमेकांशी भांडणाऱ्या मुलांना डोळ्यांसमोर ठेवून शेवट लिहून बघा.

गुरू शोधू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. पैसे घेऊन ‘सामाजिक कथा’ शिकवणाऱ्या कार्यशाळांना तर जाऊच नका. त्यापेक्षा तपासणी केंद्रातल्या समुपदेशक ताईंना वेळ मागा आणि फक्त कामाची पद्धत विचारा : तपासणीआधी काय बोलतात, संमती कशी घेतात, रिपोर्ट कसा सांगतात. रुग्णांच्या गोष्टी मागू नका. त्या सांगणार नाहीत आणि सांगूही नयेत. २०१७चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे, संमतीशिवाय कुणाची स्थिती उघड करायला त्यानं मनाई केली आहे. ‘नाव बदललंय की’ हे कारण मला सांगू नका. कन्ना चौकाच्या आसपास राहणारी, दोन मुली असलेली, अमुक कारखान्याला विड्या देणारी असं लिहिलंत की सोलापूरच्या पूर्व भागात संध्याकाळपर्यंत घर सापडतं.

भाषेची भीती मात्र बाळगू नका. माझ्या घरी तेलुगू बोलतात, मराठी मी शाळेत शिकले. दिवाळी अंकांकडून माझ्या चार कथा परत आल्या, दोन तर न वाचताच आल्या असाव्यात. त्या दिवसांत मी लिहिणं सोडणारच होते. मग अम्माला, म्हणजे आईला, वाचून दाखवायला लागले. तिचे हात विड्यांवर, कान माझ्याकडं. दहा-बारा विड्या होईपर्यंत कथा संपली पाहिजे, हे माप तिनंच दिलं. साधारण सातशे शब्द होतात. कुठं तिचा हात थांबला तर ती जागा ठेवायची, कुठं ती सुतळी शोधायला उठली तर तो परिच्छेद काढायचा. निवेदनात मी ‘एड्सग्रस्त’ लिहीत नाही, ‘एचआयव्हीसह जगणारी’ लिहिते. एचआयव्ही म्हणजे एड्स नव्हे, हे तिथंच ठसतं. संवादात मात्र माणसं ‘तो आजार’ म्हणतात, तर म्हणू द्या. अम्मासुद्धा तसंच म्हणायची. बदललेली रेणुका तीनदा ऐकल्यावर तिनं ‘गोळी चालू हाय तिची’ म्हणायला सुरुवात केली.

वाचनाला जाताना दोन कामं करा. प्रत्येकाला देण्याच्या कागदाच्या मागे १०९७ हा मोफत मदतक्रमांक छापा. सगळ्यांना द्या, म्हणजे तो घेणाऱ्याकडं कुणी वेगळ्या नजरेनं बघणार नाही. आणि संपल्यावर सर्वांसमोर प्रश्नोत्तरं ठेवू नका. ज्याला खरंच विचारायचं असतं तो तिथं हात वर करत नाही.

मी वाचन झालं की सतरंज्या गोळा करायला थांबते. संयोजकांना घाई असते, वॉचमन दिवे घालवायला लागतो, तरी थांबते. तो माणूस पुन्हा आलेला नाही. दुसरे येतात. परवा एक मुलगी सतरंजीचं दुसरं टोक धरून घडी घालायला लागली, घडी पूर्ण झाली तरी टोक सोडेना. मग म्हणाली, “रेणुकानं बाटलीत कापूस घातला ना, मी रुमाल गुंडाळते.”