सफायरच्या खिडकीवरची सोन्याची कड: मेटल कोटिंगमध्ये येऊ इच्छिणाऱ्यांसाठी

भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करून मी भोसरीतल्या एका लहान कोटिंग युनिटमध्ये रुजू झाले, तेव्हा माझ्या हाती आलेले पहिले काम म्हणजे सफायरच्या (ॲल्युमिनियम ऑक्साइडच्या पारदर्शक स्फटिकाच्या) गोल खिडक्यांच्या कडेवर धातूचा अरुंद पट्टा चढवणे. लेसर किंवा इन्फ्रारेड डिटेक्टर ज्या धातूच्या डबीत बंद करतात, तिच्या झाकणात ही खिडकी बसते. तिच्यातून प्रकाश जायला हवा, पण बाष्पाला वाट मिळता कामा नये. इपॉक्सीने चिकटवलेल्या खिडकीतून कालांतराने ओलावा झिरपतोच, म्हणून ती सोल्डरने जोडावी लागते, आणि सोल्डर सफायरला धरत नाही, म्हणून हा पट्टा.

वरून तो सोन्याचा दिसत असला तरी त्यात तीन थर असतात: खाली टायटॅनियम, मध्ये प्लॅटिनम, वर सोने. टायटॅनियमला ऑक्सिजनची ओढ फार, त्यामुळे ते सफायरमधल्या ऑक्सिजनशी घट्ट बांधले जाते; सोने एकटे टाकले तर नखानेही निघते. वरचे सोने गंजत नाही आणि त्यावर सोल्डर छान पसरते. आमच्याकडे वजनाने ८० टक्के सोने व २० टक्के कथील असलेला, २८० अंश सेल्सिअसला वितळणारा मिश्रधातू वापरत. हे वितळलेले सोल्डर पट्ट्यातले सोने बघता बघता विरघळवते, म्हणून मध्ये प्लॅटिनमचा अडसर लागतो. तो नसेल तर सोल्डर टायटॅनियमपर्यंत पोहोचते आणि जोड सुटतो. मुलाखतीला येणारे उमेदवार थरांच्या जाड्या पाठ करून येतात. माझ्या मते प्रत्येक थर का आहे, हे सांगता येणे अधिक मोलाचे आहे.

पहिल्याच वर्षी एका रात्रपाळीत टायटॅनियमचा थर पडल्यावर वीज गेली, पंप थांबले आणि ज्या निर्वात चेंबरमध्ये थर चढवतात त्यात हवा शिरली. सकाळी पुन्हा निर्वात करून मी उरलेले दोन थर चढवले. कडा निर्दोष दिसत होत्या. टेप टेस्टसाठी चिकटपट्टी दाबून बसवली आणि झटक्यात ओढली, तेव्हा तिच्यावर सोन्याचे जवळजवळ अखंड कडे निघून आले आणि सफायरवर फिकट करडा माग राहिला. हवा लागताच टायटॅनियमवर ऑक्साइड बसले होते आणि पुढचे थर त्या ऑक्साइडवर नुसते टेकले होते. पूर्ण लॉट बाद झाला. तिन्ही थर एकाच निर्वातात पडलेच पाहिजेत, हा नियम मी तेव्हापासून कधीही मोडलेला नाही.

थर चढवण्याआधीच्या खिडक्यांच्या धुलाईला नवखे लोक दुय्यम समजतात, ते अत्यंत चुकीचे आहे, कारण बोटाचा एक ठसा कडेवर राहिला तरी तेवढ्या जागी धातू धरत नाही आणि गळती तिथूनच सुरू होते. मास्क, म्हणजे धातू फक्त कडेवर पडावा म्हणून लावायचे झाकण, बसवतानाही खिडकी चिमट्याने, बाजूने धरावी.

खिडकी जिला सोल्डरने जोडतात ती चौकट बहुधा कोव्हारची (लोखंड, निकेल व कोबाल्टच्या मिश्रधातूची) असते, कारण तापल्यावर कोव्हार आणि सफायर यांचे प्रसरण जवळपास सारखे होते. फ्यूज्ड सिलिकाचे (शुद्ध सिलिकाच्या काचेचे) प्रसरण त्याच्या सुमारे दहाव्या हिश्शाएवढेच होते, म्हणून तिची खिडकी असेल तर थंड होताना तडा जाण्याची भीती मोठी. शेवटी जोडाच्या एका बाजूला हेलियम सोडून दुसऱ्या बाजूला मास स्पेक्ट्रोमीटरने (वस्तुमानावरून वायू ओळखणाऱ्या यंत्राने) गळती मोजतात. हेलियमचा अणू अतिशय लहान आणि हवेत हेलियम दशलक्षांत जेमतेम पाच भाग, त्यामुळे गळती लपत नाही. टेप टेस्टमध्ये पास झालेली खिडकीसुद्धा इथे नापास होऊ शकते. अशा वेळी तिची कड आधी सूक्ष्मदर्शकाखाली पाहावी आणि मगच सोल्डरला दोष द्यावा.