मुंबईतल्या नोकऱ्या-पगारांचे आकडे वापरताना या चुका टाळा

"मुंबईत या कामाला पगार किती मिळतो?" हा प्रश्न नवा कोर्स काढणारी संस्था विचारते, दुकानात आणखी एक माणूस ठेवू पाहणारा मालक विचारतो आणि बारावीनंतर मुलीला कुठे घालावं या विचारात पडलेले आईवडीलही विचारतात. शोधायला बसलं की आकड्यांची काही कमतरता नसते. पाच ठिकाणी पाच वेगळे आकडे सापडतात आणि पाचही बरोबर असू शकतात. गोंधळ होतो तो एका प्रश्नासाठी काढलेला आकडा दुसऱ्याच प्रश्नाला चिकटवल्यामुळे. नेहमी दिसणाऱ्या चुका खाली देतो. पहिली सगळ्यात महाग पडते, म्हणून तिच्यावर जास्त लिहिलं आहे.

"मुंबई" कुठपर्यंत, हे न पाहणं

सरकारी तक्त्यात मुंबई म्हणजे दोन जिल्हे: मुंबई शहर आणि मुंबई उपनगर. २०११ च्या जनगणनेत शहर जिल्ह्यात सुमारे ३१ लाख माणसं होती, उपनगरात सुमारे ९४ लाख. म्हणजे तक्त्यातली फक्त "मुंबई" नावाची ओळ उचललीत आणि ती शहर जिल्ह्याची निघाली, तर मुंबईचा तीन चतुर्थांश भाग बाहेर राहिला. बीकेसी (वांद्रे-कुर्ला संकुल), सीप्झ (अंधेरीतलं निर्यात क्षेत्र), पवई हे सगळं उपनगर जिल्ह्यात येतं. दोन्ही ओळी घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका.

खरी गोम मात्र पुढे आहे. डोंबिवलीला राहणारी आणि रोज लोकलने लोअर परळला कामाला जाणारी बाई कोणत्या जिल्ह्यात मोजली जाते? ते कोण मोजतंय त्यावर ठरतं. केंद्र सरकारचं नियतकालिक श्रमबल सर्वेक्षण, म्हणजे पीएलएफएस, घरोघरी जाऊन माहिती घेतं. त्यात तिची नोकरी आणि पगार दोन्ही ठाणे जिल्ह्यात पडतात. कारखान्यांची वार्षिक पाहणी कारखाना जिथे आहे तिथे मोजते. भविष्य निर्वाह निधीच्या आकड्यांत कंपनीचा पीएफ कोड कुठला, याला महत्त्व. मुख्यालय नरिमन पॉइंटला आणि कामगार तीन राज्यांत असतील, तर ती सगळी भरती महाराष्ट्राच्या नावावर दिसू शकते.

कल्याण, वसई, विरार, पनवेलहून रोज लाखो माणसं मुंबईत येतात. त्यामुळे घरोघरच्या सर्वेक्षणावरून "मुंबईत इतक्या नोकऱ्या आहेत" असं म्हणणं चुकीचं. त्यातून फार तर "मुंबईत राहणारे इतके जण कामावर आहेत" एवढंच कळतं. ठाण्याचा सरासरी पगार चांगला दिसतो म्हणून तिथल्या कंपन्या चांगलं देतात असंही समजू नका. त्यातला बराच पैसा मुंबईत कमावलेला असतो. कोर्सनंतर मुलं कुठे नोकरी करतील हे हवं असेल, तर निदान ठाणे, पालघर आणि रायगड जिल्ह्यांचे मुंबई महानगर प्रदेशातले भाग एकत्र धरून बघा.

जुन्या आकड्यांची आणखी एक मर्यादा आहे. जानेवारी २०२५ पासून पीएलएफएसची रचना बदलली आणि नमुना निवडताना जिल्हा हा मूळ घटक धरला जाऊ लागला. त्याआधीच्या वर्षांत नमुन्याची आखणी जिल्ह्यासाठी नव्हती. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या प्रदेशरचनेत मुंबई किनारपट्टीच्या प्रदेशात येते, आणि त्याच प्रदेशात रत्नागिरी-सिंधुदुर्गही येतात. तेव्हा २०२२ चा "मुंबई उपनगरातल्या तरुण महिलांचा बेरोजगारी दर" असा बारीक आकडा कुणी दिला, तर त्यामागे किती घरं होती ते आधी विचारा.

बेरोजगारीचे दोन दर एकाच आलेखात घालणं

पीएलएफएसच्या २०२३-२४ च्या अहवालाप्रमाणे देशात १५ वर्षांवरच्यांचा बेरोजगारी दर ३.२ टक्के होता. त्याच अहवालात ४.९ टक्के हाही दर आहे. पहिला वर्षभराच्या नेहमीच्या स्थितीवरून काढतात, दुसरा मागच्या सात दिवसांवरून. आठवड्यात एका दिवशी एक तास जरी काम केलं असेल, तरी त्या आठवड्यात माणूस कामावर धरला जातो. एप्रिल २०२५ पासूनची मासिक पत्रकं दुसऱ्या पद्धतीची आहेत आणि पहिल्याच महिन्याचा दर होता ५.१ टक्के. आता कुणी ३.२ शेजारी ५.१ ठेवून "वर्षात बेरोजगारी भडकली" असं लिहिलं, तर मथळा झकास होतो, पण दोन वेगळी मापं जोडलेली असतात. तुलना करायची तर सात दिवसांच्या दराशी सात दिवसांचाच दर लावा.

दर कमी दिसला म्हणजे कामं चांगली आहेत असंही नाही. घरच्या वडापावच्या गाडीवर पगार न घेता राबणारी सूनही या हिशोबात रोजगारातच असते.

कोणता पगार, हे न विचारता आकडे जोडणं

समजा नोकरीच्या पोर्टलवरच्या जाहिरातीत लिहिलंय, "सीटीसी महिना २५,०००". सीटीसी म्हणजे त्या माणसामागे कंपनीला पडणारा एकूण खर्च. मूळ पगार १५,००० धरला, तर त्यातले १,८०० मालकाच्या वाट्याचा पीएफ आणि साधारण ७२२ ग्रॅच्युइटीची तरतूद. उरले २२,४७८. त्यातून नोकरदाराचा पीएफ १,८०० आणि व्यवसाय कर २०० गेला की हातात २०,४७८. फेब्रुवारीत व्यवसाय कर ३०० कापला जातो. नोकरदार बाई असेल आणि पगार २५,००० पर्यंत असेल, तर एप्रिल २०२३ पासून महाराष्ट्रात हा कर नाही, म्हणजे तिच्या हातात २०,६७८. एकाच नोकरीसाठी २५,०००, २२,४७८ आणि २०,४७८ हे तिन्ही आकडे खरे आहेत. पोर्टलवरचा पहिला आकडा आणि शेजारच्या मुलाने सांगितलेला तिसरा आकडा यांची सरासरी काढणं म्हणजे दूध आणि ताक एकत्र मोजणं.

पीएफच्या वर्गणीवरून पगार ताडायचा प्रयत्नही करू नका. सप्टेंबर २०१४ पासून पीएफची वेतनमर्यादा १५,००० आहे, आणि बऱ्याच कंपन्या पगार कितीही असला तरी तेवढ्यावरच वर्गणी भरतात.

किमान वेतनाच्या बाबतीत उलटं होतं: आकडा फारच कमी येतो. कारण बहुतेकदा एकच असतं. अधिसूचनेतला मूळ दर घेतलेला असतो आणि महागाईप्रमाणे बदलणारा विशेष भत्ता राहून गेलेला असतो. महाराष्ट्रात हा भत्ता जानेवारी आणि जुलैत, असा वर्षातून दोनदा बदलतो. उद्योग, परिमंडळ (वेतनासाठी ठरवलेला भाग) आणि कुशल, अर्धकुशल की अकुशल, हे तिन्ही जुळवा, त्यात चालू सहामाहीचा भत्ता मिळवा, मग आकडा वापरा. आणि हा कायद्याने ठरलेला तळ आहे, बाजारभाव नव्हे, हे ध्यानात ठेवा.

महाराष्ट्राच्या आर्थिक पाहणीतलं जिल्ह्याचं दरडोई उत्पन्न बाराने भागून "सरासरी पगार" काढणारेही भेटतात. त्या उत्पन्नात कंपन्यांचे नफे आणि भाडी असतात, आणि ते भागलं जातं पाळण्यातल्या बाळापासून आजोबांपर्यंत सगळ्यांत. मुंबईत तर हा आकडा पगारापासून फारच दूर जातो.

सरासरीवर भरवसा ठेवणं

एका ऑफिसात पाच जणांना प्रत्येकी १८,००० आणि व्यवस्थापकाला दीड लाख पगार आहे. सरासरी निघते ४०,०००, आणि त्या ऑफिसात तेवढा पगार कुणालाच नाही. मधला आकडा, म्हणजे मध्यक, १८,००० येतो. नव्याने लागणाऱ्याला तोच उपयोगी. मध्यक दिलेला नसेल, तर निदान "सुरुवातीचा पगार" वेगळा मागा.

पीएफ सदस्यांची वाढ म्हणजे नव्या नोकऱ्या समजणं

पीएफची सक्ती साधारणपणे २० किंवा जास्त माणसांच्या आस्थापनेला असते. १९ जणांच्या वर्कशॉपमध्ये विसावा माणूस आला की जुनी १९ माणसंही नोंदीत येऊ शकतात. काम एकच वाढलं, आकडा वाढला वीसने. पुढच्या महिन्यांत हे आकडे सुधारूनही येतात, तेव्हा ताज्या महिन्यावर मोठं विधान करू नका.

उद्योग आणि व्यवसाय यांची गल्लत

बीकेसीतल्या बँकेच्या दारावर उभा असलेला सुरक्षारक्षक ठेकेदाराच्या एजन्सीचा असेल, तर उद्योगाच्या वर्गीकरणात तो बँकिंगमध्ये दिसत नाही. बँकेच्या स्वतःच्या पगारावर असेल, तर दिसतो. दोघांचं काम तेच. "बँकिंगमध्ये पगार चांगला" यावरून रक्षकाला, शिपायाला किंवा ड्रायव्हरला काय मिळतं ते कळत नाही. कामाप्रमाणे पगार हवा असेल, तर व्यवसायाचं वर्गीकरण वापरा.

महागाई निर्देशांकाचं पायाभूत वर्ष विसरणं

औद्योगिक कामगारांचा अखिल भारतीय ग्राहक किंमत निर्देशांक डिसेंबर २०१९ मध्ये ३३० होता आणि डिसेंबर २०२० मध्ये ११८.८. भाव काही एक तृतीयांश झाले नाहीत. मधे पायाभूत वर्ष, म्हणजे ज्या वर्षाचा निर्देशांक १०० धरतात ते, २००१ वरून २०१६ झालं. ११८.८ ला २.८८ ने गुणलं की ३४२ येतात, म्हणजे वाढ सुमारे ३.७ टक्के. तुमच्या आलेखात २०२० च्या शेवटी असा कडा दिसला, तर दोष इथेच आहे. मुंबई केंद्राचा निर्देशांक वापरत असाल, तर गुणकही त्या केंद्राचाच घ्या, २.८८ हा देशाचा आहे.

मूळ फाइल उघडून थेट मोजणी करणं

पीएलएफएसची कच्ची माहिती कोणालाही उतरवून घेता येते, आणि उत्साही मंडळी थेट ओळी मोजायला लागतात. प्रत्येक ओळीमागे भारांक असतो, म्हणजे ती ओळ किती माणसांच्या जागी आहे हे सांगणारा आकडा, आणि तो सोबतच्या सूचनापत्रात सांगितल्याप्रमाणे भागून वापरावा लागतो. महाराष्ट्राची लोकसंख्या शंभर कोटींच्या वर गेली, तर भागाकार राहिलाय. भागाकार करूनही एकूण लोकसंख्या थोडी कमीच येते. सर्वेक्षणात असं होतंच. त्यातून टक्केवारी घ्या आणि माणसांची संख्या लोकसंख्येच्या अधिकृत अंदाजावरून काढा.

मग करायचं काय?

समजा कुर्ल्यातल्या संस्थेला इलेक्ट्रिशियनचा कोर्स काढायचा आहे. किमान वेतनावरून तळ ठरवा. महानगर प्रदेशाच्या पीएलएफएसवरून या गटातले लोक पगारी, रोजंदारीवरचे आणि स्वतःचं काम करणारे कसे विभागलेत ते पाहा, कारण स्वतःच्या धंद्यातली कमाई आणि पगार एका रांगेत बसत नाहीत. नोकरीच्या पोर्टलवरून मागणी कोणत्या भागात आहे याचा अंदाज घ्या. एकच जागा तीन कन्सल्टन्सींनी टाकलेली असते, ती एकदाच धरा. शेवटी काही ठेकेदारांना आणि गेल्या वर्षी कामाला लागलेल्या मुलांना फोन करा. ठेकेदाराचा आकडा मोठा आणि मुलांचा छोटा आला, तर लगेच कुणाला खोटं ठरवू नका. ओव्हरटाइम धरलाय का, दिवस आठ तासांचा की बाराचा आणि महिन्याला किती दिवस काम मिळतं, हे दोघांनाही विचारा. बहुतेक वेळा फरक तिथेच सापडतो.