नवी किशोर कादंबरी कुणाच्या हातात द्यायची?

ग्रंथालयाच्या देवघेवीच्या टेबलावर नव्याने बसलात की पहिल्याच आठवड्यात कुणीतरी म्हणणार, "मुलगी १४ वर्षांची आहे, काहीतरी चांगलं द्या." या 'चांगलं'च्या मागे लागू नका. बोलत आई असली तरी विचारायचं मुलीला : "हातातून खाली न ठेवता वाचलेलं शेवटचं पुस्तक कुठलं?" पुस्तक आठवत नसेल तर वेब मालिका, सिनेमा, गेम, काहीही चालेल. "तुला काय आवडतं?" असं विचारलंत तर उत्तर ठरलेलं, "काहीही."

नाव मिळालं की त्यातलं काय लक्षात राहिलं ते विचारा. अमेरिकेतल्या सिअ‍ॅटलच्या ग्रंथपाल नॅन्सी पर्ल पुस्तकात शिरायची चार दारं सांगतात : गोष्ट, पात्रं, स्थळकाळ आणि भाषा. "पुढे काय होतंय ते कळेपर्यंत झोपच आली नाही" म्हणणारी गोष्टीच्या दारातून आलेली. "त्यातली आजी भारी होती" म्हणणारी पात्रांच्या. दोघींनी वाचलेलं पुस्तक एकच असलं तरी पुढचं वेगळं द्यावं लागतं.

आपल्याकडे खरी अडचण याच्या पुढे सुरू होते. इंग्रजी माध्यमातलं मूल घरी फर्डं मराठी बोलतं, पण छापील पानावर जोडाक्षरांपाशी अडखळतं. वय १४, मराठी वाचनाचा वेग १० वर्षांच्या मुलाचा. अशा मुलाला १० वर्षांच्या मुलांचं पुस्तक दिलंत तर ते अपमान मानतं, आणि ३०० पानांची कादंबरी दिलीत तर आठव्या पानावर खूण राहते. म्हणून विषय वयाचा आणि बांधणी हलकी, असं पुस्तक शोधावं : १०० ते १३० पानं, छोटी प्रकरणं, संवाद जास्त, टाइप मोठा, ओळींत मोकळी जागा. परीक्षा सोपी आहे. मधलं एखादं पान त्याला मनात वाचायला सांगा आणि न कळलेल्या शब्दाला एकेक बोट मिटायला सांगा. पाचही बोटं मिटली तर ते पुस्तक सध्या बाजूला. मोठ्याने मात्र वाचायला लावू नका; टेबलापाशी रांग उभी असते आणि मूल पुन्हा फिरकत नाही. बोलीभाषेतल्या संवादांकडेही आधीच लक्ष द्या. वऱ्हाडी किंवा मालवणी बोलणं एखाद्याला घरचं वाटतं, एखाद्याला पहिल्याच पानावर अडवतं.

नायकाचं वय पाहायला विसरू नका. १३ वर्षांचा वाचक १५ वर्षांच्या नायकाबरोबर आनंदाने जातो, उलट सहसा होत नाही. याच कारणाने किशोर कादंबऱ्या बालविभागाच्या रंगीत, बुटक्या कपाटात ठेवणं म्हणजे त्या लपवणंच. नववीतला मुलगा तिथे वाकणार नाही. मोठ्यांच्या कादंबऱ्यांशेजारी एक वेगळा कप्पा करा.

आता 'नवी' म्हणजे काय? मुखपृष्ठ नवं म्हणजे पुस्तक नवं नव्हे. मुद्रणतपशिलाचं पान उघडा. 'प्रथमावृत्ती'चं साल बघा, 'पुनर्मुद्रण' किंवा 'तिसरी आवृत्ती'चं नव्हे. अनुवाद असेल तर मूळ पुस्तकाचं साल शोधा; मराठीत यंदा आलेली कादंबरी मुळात ४० वर्षं जुनीही असू शकते. जुनी असणं हा दोष नाही, नवी म्हणून देणं हा आहे. शोधाला सुरुवात म्हणून साहित्य अकादमीचे २०१० पासूनचे बालसाहित्य पुरस्कार पाहा, पण यादी आंधळेपणाने उचलू नका. त्यात कविता आणि नाटकंही असतात, आणि परीक्षक १४ वर्षांचे नसतात.

सगळी नवी पुस्तकं अथपासून इतिपर्यंत वाचणं कुणालाच जमत नाही. पहिली ३० पानं, मधली १०, शेवटचं प्रकरण, एवढं वाचून वहीत लिहा : पानं, नायकाचं वय, निवेदन 'मी'तून की 'तो'तून, गोष्ट कितव्या पानावर पेट घेते, आणि आत काय आहे : मृत्यू, मारहाण, प्रेम, व्यसन. शेवटची नोंद पालकांसाठी. "आत काही वाईट नाही ना?" याला "नाही हो" म्हणून मोकळं झालात तर परतीच्या दिवशी पान उघडून दाखवलं जातं. "वडील दारू पितात, एक मारहाणीचा प्रसंग आहे, तपशील फार नाहीत," असं सांगा. ठरवू द्या त्यांना.

पुस्तक एकच पुढे करू नका, नाकारायला संकोच वाटतो. सात-आठ दिलीत तर मूल वरचं उचलतं. तीन ठेवा : एक आवडलेल्याच्या अगदी जवळचं, एक दोन पावलं दूरचं, एक भलतंच. प्रत्येकाबद्दल दोन वाक्यं पुरेत, आणि त्यात 'बोधप्रद' शब्द नको, त्याने पुस्तक कपाटातच राहतं. "बंद पडलेल्या साखर कारखान्यात दोन मुलांना रात्री दिवा दिसतो; पहिली २० पानं संथ आहेत, तेवढी काढ," असं काहीतरी. संथपणा आधी सांगितला तर मूल तो सोसतं. न सांगितल्यास दोष पुस्तकालाही लागतो आणि तुमच्या पुढच्या शिफारशीलाही.

परत आल्यावर "आवडलं का?" ऐवजी "कुठवर पोचलास?" विचारा. ६४व्या पानावर सोडलं असेल तर तो आकडा वहीत त्याच पुस्तकापुढे लिहा. तिघांनी त्याच सुमारास सोडलेलं दिसलं, तर ती पानं स्वतः काढून वाचायची.