लेक मदतफेरीला निघाली, आता सायकलीकडे बघा

देणगीसाठीच्या सायकलफेरीत आपली लेक उतरते आहे, तर शेजारीपाजारी सगळ्यांना अभिमानाने सांगा. आणि निघण्याआधीचा आठवडा तिच्या सायकलीला द्या. रत्नागिरीहून आरे-वारेमार्गे गणपतीपुळ्याला जाणारा रस्ता किनाऱ्याचा असला तरी सपाट नाही. उतार संपला की लगेच चढ लागतो.

पहिली चेन. खाऱ्या हवेने ती लवकर तांबूस होते. फडक्यावर थोडं रॉकेल घेऊन पुसा, पूर्ण वाळू द्या, मग पायडल उलटं फिरवत प्रत्येक कडीवर चेन-ऑइलचा एकेक थेंब सोडा. दहा मिनिटांनी वरचं तेल कोरड्या फडक्याने टिपून घ्या. हेच बरेच जण गाळतात. मग तेलकट चेनवर वाळू बसते आणि दाते झिजतात. खोबरेल तर मुळीच नको, ते चिकट होतं.

ब्रेकच्या रबरावरच्या खाचा दिसेनाशा झाल्या असतील तर रबर बदला. त्यात रुतलेली खडी सुईने काढा, नाहीतर रिम खरवडते. लिव्हर हँडलला टेकत असेल तर केबल ताणून घ्या. उतारावर वेग वळणाआधीच कमी करायचा, दोन्ही ब्रेक मिळून. जांभ्याच्या बारीक खडीवर वळणातच पुढचा ब्रेक दाबला की चाक निसटतं. हा सराव रिकाम्या रस्त्यावर आधी करून घ्या, तोंडी सांगून भागत नाही.

सीटवर बसून टाच खालच्या पायडलवर ठेवली की पाय सरळ व्हायला हवा. सीट खाली राहिली तर चढावर गुडघे दुखतात. हवा टायरच्या कडेवर लिहिलेल्या मर्यादेत भरा. जादा ट्यूब, टायर-लिव्हर आणि पंप सोबत द्या. नवी ट्यूब घालण्यापूर्वी टायर आतून चाचपून काटा काढायचा, नाहीतर तीही पंक्चर होते.

पाणी तासाला अर्धा ते पाऊण लिटर, घोटाघोटाने. ओआरएसची पुडी तिच्यावर लिहिलेल्या मापाच्याच पाण्यात कालवा, कमी पाण्यात नको.

देणगी लेकीच्या हातात रोख न देता थेट संस्थेच्या खात्यात टाका आणि पावती मागा. जुन्या करपद्धतीत देणगीवर मिळणारी, 80जी नावाने ओळखली जाणारी आयकर सवलत 2000 रुपयांवरच्या रोख देणगीला मिळत नाही, आणि संस्थेकडे ती मान्यता असावी लागते.

फेरीच्या दिवशी गाडी घेऊन मागे मागे जाऊ नका, बाकीच्या सायकलींना अडचण होते. चढाच्या माथ्यावर पाणी आणि केळी घेऊन उभे राहा. नावाने हाक मारा, टाळ्या वाजवा. फोटोसाठी मात्र तिला मधल्या चढावर थांबवू नका, तिथून पुन्हा पायडल मारणं फार जड जातं.