खिडकीतली रोपं: रोहिणीत पेरा, जूनअखेर कुंडीत लावा

डोंबिवलीतल्या आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घराला ना अंगण, ना गच्ची. स्वयंपाकघराला पूर्वेची खिडकी आहे आणि तिच्या ग्रिलमध्ये मावतील तेवढ्या कुंड्या. टोमॅटो, वांगी, मिरचीची रोपं मी दरवर्षी याच खिडकीत करते. बी थेट बाहेरच्या कुंडीत टाकलं, तर मेच्या उन्हात वरची माती दुपारपर्यंत ठणठणीत कोरडी होते आणि जूनची पहिली जोरदार सर कोवळे कोंब आडवे करते. म्हणून पहिला महिना घरात.

रोहिणी लागल्या, म्हणजे २५ मेच्या सुमारास, की पेरायचं. चहाचे कागदी कप घ्या, तळाला तीन भोकं पाडा. भिजवून पिळलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि चाळलेलं गांडूळखत निम्मं-निम्मं मिसळा. मूठ आवळली की गोळा झाला पाहिजे, पण बोटांतून पाणी गळता कामा नये. जुन्या कुंडीतली माती नको. ती घट्ट बसते आणि तिच्यातली बुरशी कोवळ्या रोपांना धरते.

मिरचीचं बी रात्रभर कोमट पाण्यात ठेवा. प्रत्येक कपात दोन बिया, अर्धा सेंटीमीटर खोल. कपावर नाव आणि तारीख लिहाच. टोमॅटो पाच ते आठ दिवसांत वर येतो, वांग्याला आठवडा-दहा दिवस लागतात, मिरचीला कधी कधी दोन आठवडे. तोवर कप उकरून बघू नका. काकडी, दोडका, मुळा, गाजर मात्र असे करू नका. त्यांना मूळ हललेलं सोसत नाही, ते जागेवरच पेरलेले बरे.

पहिला कोंब दिसला की त्याच दिवशी कप उजेडात हलवा. टोमॅटोचा कोंब आधी मान वाकवून वर येतो, बीचं टरफल कधी कधी पानांच्या टोकाला अडकलेलं असतं. ते ओढू नका, पाण्याचा थेंब सोडा, आपोआप सुटतं. उजेड कमी पडला की दांडा दोन-तीन दिवसांतच लांब, फिकट होतो आणि खिडकीकडे कलतो. मी कप अगदी काचेला लावून ठेवते, सकाळचं तीन-चार तास ऊन मिळतं, आणि रोज पाव फेरा फिरवते.

आता पाणी. पहिल्या वर्षी माझी चाळीसच्या आसपास रोपं दोन रात्रींत गेली. संध्याकाळी ताठ होती, सकाळी आडवी. वाकून पाहिलं तर पानं हिरवीगार, पण मातीलगत दांडा काळपट आणि दोऱ्यासारखा बारीक झालेला. याला मर म्हणतात. सतत ओल आणि कोंडलेली हवा असली की ही बुरशी पसरते, आणि पडलेलं रोप परत उभं राहत नाही. मला किती वाईट वाटलं ते अजून आठवतं. तेव्हापासून मी वरून पाणी घालतच नाही. कप ताटलीत ठेवायचे, ताटलीत बोटभर पाणी ओतायचं, अर्ध्या तासाने उरलेलं काढून टाकायचं. वरचा थर बोटाला कोरडा लागला तरच पुन्हा. खिडकी उघडी हवी.

खरी पानं, म्हणजे पहिल्या दोन गुळगुळीत पानांनंतरची पानं (टोमॅटोची कातरलेली असतात) आली, की कपातलं अशक्त रोप कात्रीने कापा. उपटलं तर शेजारच्याची मुळं दुखावतात.

साधारण महिन्याने चार-पाच खरी पानं होतात. मग आठवडाभर कप ग्रिलमध्ये ठेवायचे, पहिल्या दिवशी तासभर, मग रोज थोडं वाढवत. जोराचा पाऊस आला की आत. लावायचं संध्याकाळी. वांगी-मिरची कपात होती तेवढीच खोल. टोमॅटो मात्र खालची पानं काढून दांड्यासकट खोल पुरा, मातीत गेलेल्या दांड्यालाही मुळं फुटतात. कागदी कप उभा चिरून गोळा अलगद काढा. लावल्यावर एकदा पोटभर पाणी द्या. दोन दिवस पानं मलूल दिसतील, त्यात घाबरण्यासारखं काही नाही.